दुसऱ्याच्या घरातला माऊस

समोरच्याचा स्क्रीन आपल्याकडे दिसावा आणि आपला माऊस त्याच्याकडे चालावा, हे कोडं तसं लवकर सुटलं. अमेरिकन संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहातून मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याबरोबर एकाच स्क्रीनवर काम करून दाखवलं होतं. कॉम्प्युटरला हात लावायला घाबरणाऱ्या माणसाकडून ही जोडणी सुरू कशी करून घ्यायची, हे मात्र नंतरची कित्येक वर्षं सुटत नव्हतं. माझ्या मते दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरचा खरा इतिहास तोच आहे.

१९८०च्या दशकात पीसीएनीव्हेअरसारखी सॉफ्टवेअर्स मोडेमवर, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या यंत्रावर, चालत. ती मुख्यतः कंपन्यांच्या कामाची होती. घरात फोनची लाइन एकच असेल तर मोडेम जोडला की बोलणंच बंद, आणि नवख्या माणसाला तर बोलूनच धीर द्यावा लागतो.

१९९८ मध्ये केंब्रिजच्या ऑलिव्हेटी अँड ओरॅकल रिसर्च लॅबने व्हीएनसी हे अशाच कामाचं सॉफ्टवेअर मोफत दिलं, सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरासकट. समोरचा स्क्रीन बघायचा प्रोग्रॅम इतका छोटा की फ्लॉपीवरून चाले. पण सर्व्हर (स्क्रीन पाठवणारा प्रोग्रॅम) बसवणं, पासवर्ड ठरवणं, आयपी अॅड्रेस (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) शोधून सांगणं हे सगळं पलीकडच्यानेच करायचं. त्यात ब्रॉडबँडबरोबर घरोघरी राउटर आले. राउटरमागच्या कॉम्प्युटरपर्यंत बाहेरून थेट पोचता येत नाही. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे आत यायची एक ठरावीक क्रमांकाची वाट, उघडून द्यावा लागतो. हे काम फोनवर समजावून सांगायचं म्हणजे दिव्यच.

२००१ मध्ये विंडोज एक्सपीत रिमोट असिस्टन्स आलं. त्यातला विचार चांगला होता: मदत मागणारा आमंत्रण पाठवणार, त्याला मुदत असणार, आणि परवानगी दिल्याशिवाय कुणी आत येणार नाही. पण ज्याला ईमेलला फाइल जोडता येत नाही म्हणून मदत हवी आहे, त्याने आमंत्रणाची फाइल पाठवायची कशी?

मला सगळ्यात आवडलेला तोडगा अल्ट्राव्हीएनसी या व्हीएनसीच्याच एका रूपातल्या ‘सिंगलक्लिक’चा. त्यात जोडणीची दिशाच उलटी केली होती. मदत करणाऱ्याने helpdesk नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये आपला इंटरनेटवरचा पत्ता लिहायचा, त्यावरून एक छोटी प्रोग्रॅम फाइल तयार व्हायची, आणि ती आईवडिलांना पाठवायची. ती उघडली की एक खिडकी यायची, तिच्यात आपलं नाव. नावावर डबल क्लिक केलं की त्यांचा कॉम्प्युटर स्वतःहून आपल्याकडे जोडला जायचा. इन्स्टॉल करायचं काही नाही. पोर्ट ५५०० उघडायचा तो आपल्या राउटरमध्ये. ज्याला जमतं त्याच्याच गळ्यात अवघड काम, हा न्याय मला अगदी योग्य वाटतो.

२००५ मध्ये जर्मनीत टीमव्ह्यूअर सुरू झालं आणि पोर्टची कटकटही संपली. दोन्ही कॉम्प्युटर टीमव्ह्यूअरच्या सर्व्हरशी, म्हणजे मध्ये बसलेल्या कंपनीच्या कॉम्प्युटरशी, बोलायचे. पलीकडच्याने फक्त आयडी आणि पासवर्ड वाचून दाखवायचा. पुण्यातल्या वडिलांचा प्रिंटर परदेशातल्या मुलीने चालू करून देणं त्यामुळे रोजच्यातलं झालं.

पण आकडे वाचून दाखवणं सोपं झालं ते चोरांसाठीही. बँकेचा किंवा एखाद्या कंपनीचा माणूस म्हणून फोन करायचा, अॅप टाकायला लावायचं, नऊ आकडी कोड विचारायचा आणि स्क्रीन ताब्यात घेऊन खातं रिकामं करायचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या अशाच अॅपचा असा गैरवापर करून यूपीआयमधून पैसे काढले जात असल्याबद्दल बँकांना सावध केलं. सॉफ्टवेअर तेच, परवानगीचं बटणही तेच. फरक फक्त पहिला फोन कुणी केला याचा. म्हणून घरच्यांच्या कॉम्प्युटरवर असलं काही बसवून देताना मी एकच नियम कागदावर लिहून शेजारी चिकटवते: आलेल्या फोनवर कोड सांगायचा नाही, आपण लावलेल्या फोनवरच सांगायचा.

विंडोज १० मध्ये २०१६ साली आलेल्या क्विक असिस्ट या याच कामाच्या सोयीत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करावं लागतं ते मदत करणाऱ्याला. मदत घेणाऱ्याला खातं लागत नाही. त्याने फक्त मिळालेला कोड टाकायचा आणि परवानगी द्यायची.