इथे थांबायचं, हे कुणी ठरवलं? कुराणातल्या दुहेरी अर्थाच्या आयतींची पार्श्वभूमी

घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा एकदा सांगितलं. प्रकरण तेलंगणातलं. कुटुंब न्यायालयाने महिना वीस हजार ठरवले होते, उच्च न्यायालयाने ते दहा हजारांवर आणले, तरी नवरा दिल्लीपर्यंत गेला. असा निकाल आला की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, कुराणात स्पष्ट लिहिलं आहे. दुसरी म्हणते, तसं लिहिलेलंच नाही. कुराण स्वतःच सांगतं की त्यातल्या सगळ्या आयती, म्हणजे वचनं, सारख्या स्पष्ट नाहीत, ही गोष्ट मात्र या भांडणात क्वचितच कुणी काढतं.

हे सांगणारी आयत तिसऱ्या सुरेतली, म्हणजे अध्यायातली, सातवी. तिच्यात म्हटलं आहे की काही आयती ‘मुहकम’ आहेत, म्हणजे पक्क्या, अर्थ ठरलेल्या. त्यांना ग्रंथाची आई, म्हणजे गाभा, म्हटलं आहे. बाकीच्या ‘मुतशाबिह’, एकीत दुसरीचा भास व्हावा अशा. ज्यांच्या मनात वाकडं आहे ते या दुसऱ्या आयतींच्या मागे लागतात, असा इशाराही आहे. आणि मग हे वाक्य येतं: त्यांचा खरा अर्थ कुणी जाणत नाही अल्लाहशिवाय आणि ज्ञानात मुरलेले म्हणतात आमचा यावर विश्वास आहे.

वाक्यात विरामचिन्ह मी मुद्दाम दिलेलं नाही. सुरुवातीच्या हस्तलिखितांतही ते नव्हतं.

‘अल्लाहशिवाय’ म्हणून थांबलं, तर संदिग्ध आयतींचा अर्थ एकट्या अल्लाहकडे राहतो. विद्वानांनी फक्त मान तुकवायची. न थांबता पुढे गेलं, तर ज्ञानात मुरलेली माणसंही अर्थ जाणणाऱ्यांत येतात आणि विश्वास ठेवतात तो समजून उमजून. अक्षर एकही बदलत नाही, फक्त श्वास घेण्याची जागा बदलते. पैगंबरांच्या एका चुलतभावाच्या, म्हणजे पहिल्या पिढीतल्या सर्वांत नावाजलेल्या भाष्यकाराच्या, नावावर दोन्ही वाचनं नोंदलेली आहेत. अर्थ जाणणाऱ्यांपैकी मी एक आहे, असंही त्यांनी म्हटल्याचं परंपरा सांगते.

आपल्याकडे छापलेली कुराणाची प्रत उघडून ही ओळ पाहावी. ‘अल्लाह’ या शब्दानंतर, ओळीच्या वर, एक इवलासा मीम, म्हणजे अरबी ‘म’, दिसतो. त्याचा अर्थ ‘वक्फ लाजिम’: इथे थांबलंच पाहिजे. मदिनेत छापल्या जाणाऱ्या प्रतीत त्याच जागी वेगळी खूण आहे. तिचा अर्थ, थांबणं अधिक चांगलं, पण पुढे गेलं तरी चालेल. (बातम्यांमधला वक्फ आणि हा वक्फ एकाच धातूतून आले आहेत. तिथे मालमत्तेचा व्यवहार थांबतो, इथे वाचणाऱ्याचा आवाज.) भारतीय प्रतींमधल्या या खुणा बाराव्या शतकातल्या एका पठणपंडिताच्या पद्धतीवर बेतलेल्या आहेत. मदरशात बसलेलं मूल त्या मीमवर थांबायला शिकतं तेव्हा एक मोठा निर्णय त्याच्या वतीने आधीच झालेला असतो. तो माणसांनी घेतला होता, विचार करून, एकमेकांशी वाद घालून. मला यात काही गैर दिसत नाही. पण त्यात बुद्धी वापरली गेली, एवढं तरी कबूल करायला हवं.

गुंता इथेच संपत नाही. अकराव्या सुरेची पहिली आयत म्हणते की या ग्रंथाच्या आयती मुहकम केलेल्या आहेत, सरसकट. एकोणचाळिसाव्या सुरेची तेविसावी आयत सगळ्या ग्रंथालाच मुतशाबिह म्हणते, तिथे अर्थ बहुधा ‘आतून एकसारखा’ असा घेतला जातो. स्पष्ट आणि संदिग्ध यांची विभागणी ज्या दोन शब्दांनी करायची, त्यांचाच अर्थ जागेनुसार बदलतो. नेमक्या कोणत्या आयती मुतशाबिह, याची यादी ग्रंथात नाही. त्यामुळे प्रत्येक पंथाला आपल्या सोयीच्या आयती पक्क्या आणि समोरच्याच्या संदिग्ध ठरवता आल्या.

जुना इतिहास थोडक्यात. ईश्वर सिंहासनावर स्थिर झाला, त्याचा हात, त्याचा चेहरा, अशा शब्दांचं काय करायचं हा पहिला मोठा पेच. मदिनेच्या एका इमामाचं उत्तर प्रसिद्ध आहे: स्थिर होणं माहीत आहे, कसं ते माहीत नाही, त्यावर श्रद्धा ठेवणं कर्तव्य आहे आणि त्याबद्दल विचारणं ही नसती प्रथा. बुद्धिवादी पंथाने उलट बाजू घेतली. ‘हात’ म्हणजे सामर्थ्य, कारण बुद्धीला न पटणारा अर्थ ईश्वराचा असू शकत नाही. ८३३ मध्ये बगदादच्या खलिफाने या पंथाचं एक मत, कुराण निर्माण केलेलं आहे हे, काझी आणि विद्वानांवर सक्तीचं केलं. न मानणाऱ्या एका इमामाला पुढच्या खलिफाच्या काळात फटके मारले गेले. बुद्धीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी राजाचा चाबूक हाती घेतला, आणि त्याची किंमत त्या बाजूला पुढे फार काळ मोजावी लागली. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात सेव्हिल आणि कॉर्डोबा इथे काझी राहिलेल्या एका तत्त्वज्ञाने तीच सातवी आयत न थांबता वाचली. तर्कशुद्ध सिद्धता आणि ग्रंथाचा वरवरचा अर्थ यांचा मेळ बसत नसेल तर अर्थ लावणं भाग आहे, असं त्याने लिहिलं. ११९५ मध्ये त्याला हद्दपार केलं गेलं.

कायद्याच्या आयतींत मात्र संदिग्धता हा रोजचा व्यवहार होता आणि फारसं कुणी घाबरत नव्हतं. दुसऱ्या सुरेत घटस्फोटितेने तीन ‘कुरू’ थांबावं असं म्हटलं आहे. अरबीत या शब्दाचा अर्थ पाळी असाही होतो आणि दोन पाळ्यांमधला शुद्धीचा काळ असाही. हनफी या कायदापरंपरेतल्या मंडळींनी पहिला घेतला, शाफई परंपरेतल्यांनी दुसरा. कोकणी मुसलमान शाफई, देशावरचे आणि मराठवाड्यातले बहुतेक हनफी. त्यामुळे तलाक शुद्धीच्या काळात दिला असेल तर रत्नागिरीतल्या बाईची इद्दत, म्हणजे हा थांबण्याचा काळ, तिसरी पाळी सुरू होताच संपते, औरंगाबादच्या बाईची ती पाळी पूर्ण झाल्यावर. नवऱ्याला तिला परत घेता येण्याचा हक्क तेवढे दिवस वाढतो. एका शब्दाचे दोन अर्थ, दोन्ही ग्राह्य, आणि कुणी कुणाला काफर म्हणत नाही.

हा मोकळेपणा भारतात आक्रसला तो इंग्रजी न्यायालयांमुळेही, हे विसरलं जातं. १८९७ मध्ये एका विधवेच्या निर्वाहाच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, सांगितलं की एवढ्या प्राचीन आणि अधिकारी भाष्यकारांच्या स्पष्ट मताविरुद्ध न्यायालयांनी कुराणाचा स्वतःचा अर्थ लावू नये. परक्या न्यायाधीशांनी संयम दाखवला, हे समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे मध्ययुगातली मतं जिथल्या तिथे गोठली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अलीगढमधून ईश्वराची वाणी आणि ईश्वराची सृष्टी एकमेकींविरुद्ध जाऊ शकत नाहीत असं मांडलं जात होतं, न्यायालयांत त्याचा उपयोग शून्य.

२३ एप्रिल १९८५ चा शाहबानो खटल्यातला पोटगीचा निकाल या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. इंदूरच्या त्या बाईला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे मंजूर केले होते. दंडाधिकाऱ्यांनी आधी दिले होते २५ रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी, सरन्यायाधीश मराठी होते, दुसऱ्या सुरेची २४१ वी आयत समोर ठेवली: घटस्फोटित स्त्रियांसाठी रीतीप्रमाणे ‘मताअ’, हे ईश्वराला भिणाऱ्यांवर कर्तव्य. सगळा वाद ‘मताअ’वर आला. एका भाषांतरात तो ‘मेंटेनन्स’ आहे, बाकीच्यांत तरतूद किंवा तत्सम काही. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाचं म्हणणं होतं की मताअ वेगळा आणि नफका, म्हणजे चालू पोटगी, वेगळी. शिवाय ही आयत विशेष धर्मभीरू लोकांपुरती. या म्हणण्याला आधार नव्हता असं नाही. जुन्या हनफी ग्रंथांत मताअ म्हणून तीन वस्त्रं सांगितली आहेत, अंगरखा, ओढणी आणि वरून घ्यायची चादर. पण वस्त्रं देणं ही त्या काळची रीत होती, आणि आयत रीतीचंच नाव घेते. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला तीन कपडे देऊन वाटेला लावणं ही कोणत्या काळाची रीत?

न्यायालयाने भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून उत्तर काढलं. अरबी भाष्यपरंपरेत ते शिरलंच नाही, आणि ही त्या निकालाची दुबळी बाजू आहे. तरी लगेच पुढची, २४२ वी आयतही त्यात उद्धृत आहे. ती म्हणते की ईश्वर आपली वचनं अशी उलगडून सांगतो, तुम्ही बुद्धी वापरावी म्हणून.

निकालाविरुद्ध मोर्चे निघाले आणि संसदेने १९८६ चा कायदा केला. त्यात लिहिलं होतं की वाजवी तरतूद आणि पोटगी इद्दतीच्या ‘आत’ द्यावी. ‘इद्दतीपुरती’ असं लिहिलं नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये या ‘आत’वर बोट ठेवलं: पैसे द्यायची मुदत तीन महिन्यांची, पण तरतूद पुढच्या आयुष्याची. माणसांनी, वकिलांच्या मदतीने, विसाव्या शतकात लिहिलेलं कलमही दोन प्रकारे वाचता आलं. २०१७ मध्ये एका बैठकीतला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला तेव्हा ‘तलाक दोनदा’ या आयतीतल्या ‘दोनदा’चा अर्थ असाच चर्चेत होता.

महाराष्ट्रात या वादाला आणखी एक धार होती. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा काढला. त्यामागच्या कार्यकर्त्यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आयतीचा चांगला अर्थ शोधत बसू नका, नागरिक म्हणून हक्क मागा. पुढे मुंबईतले एक बोहरा अभ्यासक अरबी शब्द फोडून, कुराणातूनच स्त्रीची बाजू उभी करत होते. आधी आयत की आधी नागरिकत्व, यावर या दोन प्रवाहांचं कधी जमलं नाही.

२०२४ चा निकाल पुण्याच्या मंडळाच्या वाटेला जवळचा आहे, दोन न्यायमूर्तींनी एकमताने पण स्वतंत्रपणे लिहिलेला. कलम १२५ आता नव्या संहितेत १४४ झालं आहे. १९८६ चा कायदाही जागेवर आहे, आणि यातला कोणता रस्ता धरायचा, की दोन्ही, हे त्या स्त्रीने ठरवायचं आहे.