शाळेतला त्रिभुज, घरातला त्रिकोण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी घरातलं मूल हिंदी शाळेत त्रिभुज, चतुर्भुज, षट्भुज शिकतं. घरी आजी त्याच आकृत्यांना त्रिकोण, चौकोन, षट्कोन म्हणते. हिंदी नाव भुजा मोजतं, मराठी नाव कोन. आकडा मात्र तोच येतो, कारण बंद आकृतीत एक बाजू जिथे संपते तिथेच पुढची सुरू होते आणि त्या जोडावर एकच कोन होतो. म्हणून दोन्ही नावं बरोबर. पण नाव कळलं म्हणजे आकृती कळली, असं नाही.

पुठ्ठ्याच्या १२ सेंमीच्या सात पट्ट्या कापा. प्रत्येकीला दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर भोक पाडा, म्हणजे दोन भोकांत नेमकं १० सेंमी अंतर राहील. तीन पट्ट्या दोऱ्याने सैल बांधल्या तरी त्रिकोण हलत नाही. बाजू सारख्या असल्या की तिन्ही कोन ६० अंशांचे होतातच. उरलेल्या चार बांधा आणि एक कोपरा ढकला. चौरस कलतो आणि समभुज चौकोन होतो. बाजू चारच, सारख्याच, पण काटकोन गेले. उलट आयतात कोन सारखे असतात, बाजू नसतात. चौरसाला दोन्ही लागतात, आणि पुढच्या प्रत्येक सुसम बहुभुजाकृतीलाही.

हा फरक जमीन मोजताना फार महागात पडतो. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात (हे नाव विष्णूच्या चार हातांवरून, भूमितीवरून नव्हे) इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यातल्या २७० आणि ५० या आकड्यांमधल्या शून्यासाठी तो जगभर ओळखला जातो. ते २७० म्हणजे देवासाठी दिलेल्या बागेची लांबी. रुंदी १८७ हात. चारही कोपरे काटकोनी असतील तर क्षेत्रफळ ५०,४९० चौरस हात. कोपरा कलून ८० अंशांवर आला तर बाजू त्याच राहतात, पण सुमारे ७६७ चौरस हात कमी भरतात. म्हणून समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत हे पाहून झालं की दोन्ही कर्णांवर दोरी धरा. इथे प्रत्येक कर्ण साधारण ३२८.४ हात यायला हवा. एक लांब, एक आखूड आला तर कोपरे सरकलेले आहेत.

मोजताना हमखास चुकते ती चांदणी. जाळीकामात नेहमी दिसणाऱ्या सहा टोकांच्या चांदणीला मुलं षट्कोन म्हणतात, कारण ती टोकंच मोजतात. दोन टोकांमधली आत गेलेली खाचसुद्धा शिरोबिंदूच असते. बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं तर १२ बाजू भरतात. खात्री कोनांवरून होते: आतल्या कोनांची बेरीज नेहमी बाजूंच्या संख्येतून २ वजा करून १८० ने गुणल्याइतकी असते. टोकांचे सहा कोन ६० अंशांचे, खाचांचे सहा प्रविशाल (१८० अंशांहून मोठे) कोन २४० अंशांचे. बेरीज १८००, म्हणजेच १० गुणिले १८०. आत गेलेल्या कोनाची बाहेरची बाजू मोजली तर १२० मिळतात आणि हिशेब बिघडतो.

ग्वाल्हेरमधल्या सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या कोपऱ्यांवर षट्कोनी मनोरे आहेत. असा मनोरा एका जागेवरून पाहिला तर एका वेळी जास्तीत जास्त तीनच बाजू दिसतात, त्यामुळे नुसतं मोजून भागत नाही. मनोरा सुसम असेल तर एकच कोपरा पुरतो. आतला कोन १८० मधून वजा करा आणि जे उरेल त्याने ३६० ला भागा. १२० अंश असतील तर ६ बाजू, १३५ असतील तर ८. कोनमापक दोन अंश चुकला, १२० चे १२२ दिसले, तरी उत्तर ६.२ येतं आणि सहाच बाजू ठरतात. तीच चूक १२ बाजूंच्या आकृतीत झाली, १५० चे १५२ वाचले, तर उत्तर १२.९ येतं आणि आपण बिनधास्त १३ लिहून मोकळे होतो. बाजू जास्त असतील तिथे एका कोपऱ्यावर विसंबू नका. खडूने एका कोपऱ्यावर खूण करून पूर्ण फेरी मारा.