फेरेटच्या रक्ततपासणीतली नॉर्मल रेंज आली कुठून?

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा मांसाहारी पाळीव प्राणी. त्याचा रक्ताचा रिपोर्ट हाती आला की नजर थेट ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. शेजारची नॉर्मल रेंज आपण गृहीतच धरतो. माझ्या मते आधी चौकशी करायला हवी ती तिचीच.

सशांच्या शिकारीसाठी फेरेट माणसाजवळ आला, त्याला दोन हजार वर्षं होऊन गेली. त्याच्या रक्ताचे आकडे मात्र प्रयोगशाळांनी गोळा केले. १९३३ मध्ये लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णाच्या गुळण्यांचं पाणी फेरेटच्या नाकात घातलं आणि माणसातल्या फ्लूचा विषाणू वेगळा केला. तेव्हापासून हा प्राणी संशोधनात पक्का झाला. पुढे १९७०-८० च्या दशकांत त्याचे रक्तमापनाचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. त्यातली जनावरं बहुतेक तरुण, निरोगी आणि एकसारख्या खाण्यावर वाढलेली. घरातला सहा वर्षांचा फेरेट त्या तक्त्यात नव्हता.

भुलीचा परिणाम ध्यानात आला तो १९९० च्या दशकात. आयसोफ्लुरेन हे भुलीचं औषध दिल्यावर काही मिनिटांतच हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) झपाट्याने उतरतो, कारण तांबड्या पेशी प्लीहेत जाऊन साठतात. जाग आल्यावर आकडा पुन्हा वर येतो. म्हणजे रक्त भुलीखाली काढलं होतं हे ठाऊक नसेल, तर धडधाकट जनावरावर रक्तक्षयाचा शिक्का बसायचा. माजावर आलेल्या, नराशी संयोग न झालेल्या मादीत हाच आकडा घसरला तर गोष्ट वेगळी: तिथे लांबलेल्या माजातलं इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दाबतं आणि जिवावर बेततं.

काही कसोट्या तर कुत्र्यांकडून उसन्या आल्या. मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीच्या आजारासाठी आधी कॉर्टिसॉल या तिच्या संप्रेरकाकडे पाहिलं गेलं. फेरेटमध्ये ते बहुधा वाढतच नाही. वाढतात ती लैंगिक संप्रेरकं, म्हणून १९९० च्या दशकात त्यांची वेगळी तपासणी सुरू झाली. मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात त्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाचंही तसंच. फेरेटमध्ये ते मुळातच कमी असतं, त्यामुळे कुत्र्यामांजरात चालून जाणारा आकडा इथे मूत्रपिंडाची तक्रार सांगत असू शकतो.

ग्लुकोजच्या बाबतीत मात्र नमुना कसा घेतला यावर बरंच अवलंबून असतं. तीन-चार तासांच्या उपाशी पोटी ते डेसिलिटरमागे ६० मिलिग्रॅमच्या खाली आलं, तर इन्सुलिनोमाचा, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या गाठीचा, दाट संशय घेतात. पण रक्त नळीत तसंच पडून राहिलं, तर पेशी त्यातली साखर खातच राहतात आणि आकडा खोटाच खाली येतो. अशा वेळी पशुवैद्य ताजा नमुना घेऊन लगेच पुन्हा मोजतात.