जटामांसी: नाव एक, झाडं दोन

झोप लागत नाही, जीव उगाच धास्तावतो, अशा तक्रारीवर वैद्य जटामांसी सुचवतात, तेव्हा आपण ती पहिल्यापासून झोपेचीच वनस्पती होती असं धरून चालतो. पण तिची जुनी ओळख सुगंधाची आहे. अथर्ववेदात 'नलद', म्हणजे जटामांसी, येतं ते वशीकरणाच्या मंत्रात. हाच शब्द पश्चिमेकडे जाऊन 'नार्ड' झाला, असं अभ्यासक मानतात. बायबलमध्ये येशूला लावलेल्या नार्डच्या सुगंधी तेलाची किंमत 300 दीनार सांगितली आहे. म्हणजे मजुराची जवळपास वर्षाची कमाई.

औषध म्हणूनही ती जुनीच. चरकसंहितेत संज्ञास्थापन, म्हणजे हरपलेली शुद्ध जागेवर आणणाऱ्या, दहा द्रव्यांमध्ये 'जटिला', म्हणजे हीच जटामांसी, आहे. शुद्धीवर आणणारी वनस्पती झोप आणणारी कशी, हा प्रश्न साहजिक आहे. मला वाटतं, मन ठिकाणावर आणणं हा दोन्हींमधला धागा असावा. विसाव्या शतकात वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या सिद्धयोगसंग्रहातून प्रसिद्ध झालेल्या मांस्यादि क्वाथात जटामांसीचा वाटा सर्वांत मोठा, सोबत अश्वगंधा आणि थोडा खुरासानी ओवा (हा स्वयंपाकातला ओवा नव्हे). मात्र या ओव्यात हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही मेंदूवर परिणाम करणारी द्रव्यं असतात, आणि गुंगी आणायला स्कोपोलामिन एकटंही पुरतं. त्यामुळे या काढ्याने आलेल्या झोपेचं सगळं श्रेय जटामांसीच्या खात्यावर टाकणं घाईचं ठरेल. तिचं तेल उडून जाणारं. म्हणून नुसती घ्यायची तर पुष्कळ वैद्य ती उकळत नाहीत, गरम पाण्यात झाकून ठेवून तिचा फांट करतात.

खरा घोळ झाला तो नावाचा. पुराणकाळचं नार्ड नेमकं कोणतं झाड, याचा शोध कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्स यांनी घेतला आणि 1790 साली 'एशियाटिक रिसर्चेस' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. नार्ड म्हणजेच जटामांसी, हे त्यांनी बरोबर ओळखलं. पण नमुना म्हणून त्यांच्या हाती आली ती तिची चुलत बहीण, औषधी तगर (बागेतली पांढऱ्या फुलांची तगर नव्हे). तिलाच त्यांनी 'व्हॅलेरियाना जटामांसी' असं शास्त्रीय नाव दिलं. खऱ्या जटामांसीला 'नार्डोस्टॅकिस जटामांसी' हे आजचं नाव 1830 साली मिळालं. तगरीला बराच काळ 'व्हॅलेरियाना वॉलिची' म्हणत. पण नामकरणाच्या नियमांत आधीच्या नावाला मान असतो, म्हणून जोन्स यांची चूकच अधिकृत ठरली.

युरोपातली व्हॅलेरियन ही तगरीची सख्खी. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने हादरलेल्या सैनिकांना ती दिली गेली. व्हॅलियम या मन शांत करणाऱ्या गोळीशी मात्र तिचं नाव सोडून काही नातं नाही. या तिन्ही वनस्पती एकाच कुळातल्या, पण एकीवरचे प्रयोग दुसरीच्या नावावर खपवता येत नाहीत. जटामांसीवरचं बरंचसं काम उंदरांवर झालंय. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या थोड्याच. व्हॅलेरियनवर चाचण्या पुष्कळ, तरी 2017 साली अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेने निद्रानाशासाठी ती न वापरण्याकडेच कौल दिला.

जटामांसी हिमालयात 3000 ते 5000 मीटर उंचीवर वाढते, तीही संथपणे. औषधी भाग जमिनीखालचा, केसाळ. ज्यावरून 'जटा' हे नाव पडलं. तो काढायचा म्हणजे झाड उपटायचं. 1997 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराचं नियंत्रण आहे. अशा दुर्मिळ मालात तगरीची भेसळ होते, आणि लॅटिन नावं वाचूनही गफलत होऊ शकते: पाकिटावर 'व्हॅलेरियाना जटामांसी' छापलेलं असेल, तर आत तगरच आहे.