पडीक शेतात पुढे काय उगवणार, हे माती ठरवते

शेत पेरायचं थांबलं की पहिले दोन पावसाळे बहुतेक ठिकाणी सारखेच दिसतात: टाकळा, कुर्डू, एकदांडी, गाजर गवत. मातीत आधीपासून पडून असलेलं बी, उरलंसुरलं खत आणि उघडं रान यांवर ही तणं माजतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बहुवर्षायू गवतं जम बसवतात, आणि तिथून वाटा फुटतात.

मुरमाड माळावर माती जेमतेम फूटभर. तिथे पवन्या हे चाऱ्याचं गवत येतं. गुरं मोकळी सुटली की ती पवन्या आधी संपवतात आणि कुसळी पसरते, कारण पक्व झालेली कुसळी जनावराच्या तोंडात रुतते. खैर, हिवर, बोर यांची मुळं मुरमाच्या फटीत शिरून ओल शोधतात, म्हणून अशा माळावर चराई आवरली तर झाडं येतात.

भारी काळ्या रानात झाडं लवकर यायला हवीत असं वाटतं, पण होतं उलटं. ही चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. भेगा दोन-तीन फूट खोल जातात, रोपांची कोवळी मुळं त्यांत तुटतात, उरलेली ओलही त्याच भेगांतून उडते. त्यामुळे मारवेलीचं गवत वर्षानुवर्षं टिकतं आणि सोटमूळ झपाट्याने खाली नेणारी बाभूळच काय ती मधूनमधून तग धरते. ट्रॅक्टरने खोल नांगरलेल्या रानात जुनी खोडंही उरलेली नसतात, हे दुसरं कारण.

कोकणातल्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत नेमकी ही खोडं कामी येतात. तांबडी माती आम्ल, तिच्यातला स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमने धरून ठेवलेला. तरी बांधावर ऐन-किंजळीचे बुंधे जिवंत असतील तर धुमारे फुटतात आणि रानमोडीच्या झुडपी तणावर डोकं काढतात. माती वाहून जांभा उघडा पडला असेल, तर मात्र पावसाळी गवतापलीकडे फारसं काही येत नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे पाटपाण्याने बिघडलेली चोपण जमीन. मातीच्या कणांना चिकटलेल्या क्षारघटकांत सोडियम १५ टक्क्यांवर आणि सामू (pH, आम्ल-अल्कतेचं माप) ८.५ च्या वर गेला की चिकणमाती विरघळल्यासारखी सुटी होते, छिद्रं बुजतात, पाणी साचतं, बी कुजतं. हरळी आणि वेडी बाभूळ एवढीच उरतात. नुसती पडीक ठेवून ही जमीन सहसा सुधारत नाही. सोडियम धुऊन न्यायला पाणी खाली मुरावं लागतं, आणि तेच अडलेलं असतं.

जमिनीत हा सोडियमचा दोष आहे का, हे कळायला झाडं लावण्याआधी एक चाचणी करावी. अर्धा फूट आणि दीड फूट खोलीवरची ढेकळं सावलीत वाळवा. हरभऱ्याएवढा खडा काचेच्या पेल्यात, डिस्टिल्ड किंवा स्वच्छ धरलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. विहिरीचं पाणी नको, त्यातल्या क्षारांमुळे दोष लपतो. पेला हलवू नका. दोन तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी बघा. खडा नुसता फुटून तळाशी बसला तर हरकत नाही; भोवती दुधाळ ढग पसरला तर आधी निचऱ्याचे चर काढावेत, प्रयोगशाळेतून सोडियम हटवणाऱ्या जिप्समची मात्रा ठरवून घ्यावी, आणि रोपं त्यानंतरच आणावीत.