चित्र स्क्रीनवर येण्याआधी

ब्राउझरमध्ये थ्रीडी गेम किंवा शहराचा नकाशा फिरवताना वाटतं, की ग्राफिक्स कार्ड काढेल ते थेट स्क्रीनवर उमटतं. खरं तर आपल्याला दिसणाऱ्या एका फ्रेमसाठी कार्डाने आधी कितीतरी चित्रं काढून मेमरीत ठेवलेली असतात. सावलीचंच बघा ना.

सावली कुठे पडेल हे ठरवायला सगळं दृश्य आधी सूर्याच्या दिशेने काढतात. रंग नकोच असतात. पहिला अडथळा किती अंतरावर आहे, एवढा आकडा प्रत्येक ठिपक्यात साठवायचा. हा झाला डेप्थ मॅप. नंतर कॅमेऱ्यातून चित्र काढताना प्रत्येक बिंदूचं सूर्याकडून मोजलेलं अंतर या आकड्याशी ताडून बघायचं. ते जास्त निघालं, तर मध्ये काहीतरी आडवं आलंय आणि बिंदू सावलीत आहे.

आता एक किलोमीटरचा परिसर 2048 ठिपक्यांच्या रुंदीत बसवला, तर एक ठिपका जवळजवळ अर्धा मीटर जागा व्यापतो. पायाशी पडलेली सावली मग पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. म्हणून अंतराचे पट्टे पाडतात, समजा चार. जवळच्या वीस मीटरसाठी वेगळा मॅप घेतला, की तिथे ठिपका एका सेंटीमीटरवर येतो. लांबच्या पट्ट्यांना जाडाभरडा मॅप चालतो.

असे चार मॅप ठेवायचे कुठे? चार सुटी टेक्स्चर, म्हणजे कार्डाच्या मेमरीतली चित्रं, करता येतात. पण वेबजीएल 2 (ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरायची सोय) च्या शेडरमध्ये, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, टेक्स्चरच्या यादीतून कितवं घ्यायचं हे चालू असताना हिशेब करून ठरवता येत नाही, तो आकडा आधीच पक्का लागतो. इथे ॲरे टेक्स्चर कामी येतं. वहीच्या पानांसारखे एकाच मापाचे थर, सगळे मिळून एकच टेक्स्चर, आणि थराचा क्रमांक हा निव्वळ तिसरा निर्देशांक. बिंदू कुठल्या पट्ट्यात आहे ते बघून शेडर हवा तो थर वाचतो.

पण त्या थरांत आधी लिहायला हवं, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. चित्र कुठे काढायचं हे कार्डाला फ्रेमबफर सांगतो, पण त्याच्याकडे स्वतःचे पिक्सेल नसतातच. रंग कुठे लिहायचा, खोली (डेप्थ, म्हणजे अंतराचा तो आकडा) कुठे लिहायची, याच्या खुणा तेवढ्या त्याच्याजवळ असतात. ‘फ्रेमबफरटेक्स्चरलेयर’ या फंक्शनला आपण टेक्स्चर, मिपमॅपची (त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या आवृत्त्यांची) पातळी आणि थराचा क्रमांक देतो, आणि खोलीची खूण त्या थराकडे वळते. एकही बाइट हलत नाही. पुढचं चित्र थेट त्या थरात उमटतं. थर 0 जोडा, पुसा, काढा; थर 1 जोडा, पुसा, काढा. चार बाइटांची खोली धरली, तर 2048 गुणिले 2048 च्या चार थरांना 64 एमबी लागतात, तेव्हा इथे नक्कल टळते हे फार मोलाचं.

क्रमांक 0 पासून सुरू होतात. चार थरांच्या टेक्स्चरला थर 4 जोडला, की फ्रेमबफर ‘अपूर्ण’ ठरतो आणि काहीच काढलं जात नाही. लिहायला जोडलेलं टेक्स्चर त्याच शेडरला वाचायलाही दिलं, तर वेबजीएल सरळ एरर देतं. म्हणून धूर किंवा पाण्याच्या सिम्युलेशनमध्ये दोन टेक्स्चर ठेवतात आणि वाचायचं-लिहायचं आलटून पालटून करतात.

2023 मध्ये क्रोममध्ये वेबजीएलच्या पुढचं वेबजीपीयू आलं, आणि आता जुनं शिकून उपयोग नाही असा गाजावाजा सुरू झाला. त्यावर विश्वास ठेवू नका. तिथेही ॲरे टेक्स्चरचा एक थर दाखवणारा ‘व्ह्यू’ करून तोच जोडावा लागतो. लिहिण्याची पद्धत बदलली, कल्पना तीच आहे.

वेबजीएल 2 मध्ये जॉमेट्री शेडर (आकार हव्या त्या थराकडे पाठवू शकणारा शेडर) नाही, त्यामुळे एका फेरीत अनेक थरांत वाटून लिहिण्याची सोय मुळात नाही. चार थर म्हणजे चार फेऱ्या. व्हीआर हेडसेटसाठी मात्र मल्टीव्ह्यू नावाचं एक्स्टेन्शन आहे. ते असेल तिथे डाव्या आणि उजव्या डोळ्याचे दोन थर एकदम जोडता येतात, आणि एकाच हुकमात दोन्ही चित्रं तयार होतात.