माउथ पब्लिसिटी (मराठी चित्रपट)

चित्रपट पाहून आलेल्या साध्या प्रेक्षकाने ओळखीच्या माणसाला दिलेले मत, आणि त्या मतामुळे चित्रपटाला लागणारी किंवा तुटणारी गर्दी, या दोन्हींना मराठी सिनेव्यवसायात ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणतात. शब्द इंग्रजी दिसतो, पण त्याला हा अर्थ आपल्याकडच्या निर्मात्यांनी, थिएटरवाल्यांनी आणि प्रेक्षकांनीच दिला. ‘मौखिक प्रसिद्धी’ हा प्रतिशब्द छापील मजकुरापलीकडे फारसा गेला नाही. ‘माउथवर चालला’ एवढे म्हटले तरी जाणकाराला कळते: जाहिरात बेताची होती, पहिला आठवडा कोरडा गेला आणि नंतर लोकांनीच तो उचलला.

समीक्षेशी त्याची गल्लत करू नये. समीक्षक चित्रपट कसा आहे ते सांगतो; साधा प्रेक्षक ‘तू जावंस की नाही’ ते सांगतो. त्याच्या मतात समोरचा माणूस आधीच धरलेला असतो. त्यामुळे एकच माणूस आईला ‘मारामारी फार आहे गं, तुला नाही आवडायचा’, मित्राला ‘चल, मी परत येतो’ आणि ऑफिसातल्या साहेबांना ‘ठीक आहे सर, एकदा बघण्यासारखा’ असे सांगतो, आणि तिन्ही ठिकाणी खरे बोलत असतो. सल्ला म्हटला की जबाबदारी आलीच. ‘तू म्हणालास म्हणून चौघांना घेऊन गेलो’ हा टोमणा महिनोन्‌महिने ऐकावा लागतो. समीक्षकाला तो सहसा कोणी तोंडावर ऐकवत नाही.

सुटणारा खेळ, भरणारा खेळ

एकपडदा चित्रपटगृहात या मताची जागा ठरलेली होती. सहाचा खेळ सुटायचा तेव्हा नऊच्या खेळाची माणसे कंपाउंडात उभी असत. दार उघडले की आतली उकाड्याने घामेजलेली गर्दी बाहेर पडे आणि बाहेरची गर्दी तिची तोंडे वाचत राही. डोळे पुसत येणाऱ्या बायका, गाणे गुणगुणणारी पोरे, घड्याळ बघत चपळाईने सटकणारे काका. प्रश्न विचारायच्या आतच निम्मे उत्तर मिळून जाई. मग कोणीतरी विचारी, ‘कसाय?’ उत्तर बहुधा एका शब्दाचे, कधी नुसते हाताचे. तळहात उताणा करून हलवला तर ‘काही नाही त्यात’. अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली तर ब्लॅकवाल्याचा भाव तिथल्या तिथे वाढे.

मल्टिप्लेक्सच्या बांधणीत ही गाठभेट पडत नाही. खेळ सुटला की मागच्या दाराने, लांबलचक बोळातून, थेट पार्किंगमध्ये. आत जाणारा आणि बाहेर येणारा एकमेकांना दिसतच नाहीत. त्यामुळे ताजे मत आता मोबाइलवर दिले जाते, कित्येकदा मध्यंतरातच, पॉपकॉर्नच्या रांगेत उभ्याउभ्या. अर्ध्या चित्रपटावर दिलेल्या या मतांचे बरेच नुकसान मराठी चित्रपटांना सोसावे लागले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपल्याकडे कथा मध्यंतरानंतरच अंगात येते.

जत्रेतल्या तंबू थिएटरात हिशेब आणखी रोकडा. साताऱ्याकडच्या पुसेगावसारख्या मोठ्या यात्रेत एकाशेजारी एक तंबू लागत. ट्रकवर प्रोजेक्टर आणि तंबूवरच्या कर्ण्यातून ओरडून बोलावणे. पण कर्ण्यावर किती विश्वास ठेवायचा ते यात्रेकरूला ठाऊक असे. बैल बांधायच्या जागी, रसवंतीवर, आधीचा खेळ बघून आलेला गावकरी भेटला की तो सांगेल त्या तंबूत माणसे शिरत.

बोली

या मतांची स्वतःची परिभाषा आहे आणि ती शब्दशः घेऊन चालत नाही. ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणजे हरकत आहे. ‘कामं सगळ्यांची छान झालीत’ हे वाक्य एकटेच आले, पुढे काहीच नाही, तर चित्रपट पडलेला समजावा. नाटकाच्या मध्यंतरातून आलेली ही जुनी सभ्यता आहे. ‘टाइमपास’ हा शब्द स्तुती की निंदा ते आवाजावरून ओळखायचे. ‘डोकं घरी ठेवून बघ’ ही मात्र शिफारस असते. ‘वेगळा आहे’ म्हणजे मला कळला नाही, पण तसे म्हणायची लाज वाटते. ‘अवॉर्डवाला आहे’ म्हणजे संथ. ‘रुमाल घेऊन जा’ ही महाराष्ट्रातली एक मोठी पसंतीची पावती, विशेषतः मावश्या-आत्यांकडून मिळालेली. पुण्यात ‘बरा आहे’ हे भरघोस कौतुक ठरू शकते. कोल्हापुरात तेवढ्याने कोणी तिकीट काढणार नाही, तिथे ‘नाद खुळा’पासून खाली बोलणी सुरू होत नाहीत.

‘पैसा वसूल’ हे माप सर्वांत जुने असावे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि २३ दिवस चालला. तेव्हा चित्रपट चार दिवसांत उतरत. पुढे सुरतेला मात्र पहिल्या खेळाचा गल्ला तीन रुपये जमला, असे सांगतात. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तासांचे नाटक बघायची सवय. दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? यावर फाळक्यांनी तक्रार केली नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र फक्त तीन आण्यांत, अशी जाहिरात केल्याची कथा प्रसिद्ध आहे. म्हणजे प्रेक्षकाचेच माप उचलून त्याच्या हातात दिले. आजही ‘अडीच तासांचा आहे की दोनचा?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात सुरतेचाच हिशेब चालू असतो, फक्त उलटा: आता लांबी म्हणजे खोट.

‘कुटुंबाबरोबर बघण्यासारखा आहे का?’ हा प्रश्न स्वतंत्र नोंदवायला हवा. त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच द्यायचे असते; का, ते दोघांनाही माहीत असते.

लोकांनी चालवलेले चित्रपट

प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने (१९३६, दिग्दर्शन विष्णुपंत दामले व फत्तेलाल) मुंबईच्या सेंट्रलमध्ये सलग ५७ आठवडे मुक्काम केला. संतपट आणि पौराणिक चित्रपटांच्या काळात पडद्याला हात जोडणारा, चपला काढून बसणारा प्रेक्षक होता, आणि त्याचे गावी परतल्यावरचे सांगणे म्हणजे मत कमी, दर्शनाची हकिगत जास्त. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एकच चित्रपट एकाच दारात! एवढ्या काळात नवा प्रेक्षक येऊन येऊन किती येणार. यातला मोठा भाग पुन्हापुन्हा येणाऱ्यांचा आणि प्रत्येक वेळी नवा पाहुणा सोबत आणणाऱ्यांचाच असणार.

दादा कोंडके यांच्या बाबतीत छापील मत आणि प्रेक्षकांचे मत यांतली दरी उघडी पडली. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून त्यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे पंचवीस आठवडे, गाठले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. द्व्यर्थी संवादांवर टीका होत राहिली. पिटातल्या प्रेक्षकाने ते संवाद पाठ केले आणि चहाच्या टपरीवर म्हणून दाखवले. कोंडक्यांच्या चित्रपटाला त्याहून मोठी जाहिरात नव्हती.

विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ (१९९१) हा बायकांच्या माउथ पब्लिसिटीचा नमुना. अलका कुबल यांनी रंगवलेल्या सोशिक सुनेला बघायला गावोगावच्या बायका ट्रॅक्टर-ट्रकांत बसून तालुक्याला गेल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. नाके मुरडणाऱ्या शहरी रसिकांना त्यातले रडणे दिसले. पण धुण्याच्या दगडावर ‘अगं, रडून रडून जीव हलका झाला’ असे एकीने दुसरीला सांगितले, त्यात चित्रपटापेक्षा घरी न रडता येण्याची गोष्ट अधिक होती. बत्तीस वर्षांनी, ३० जून २०२३ला, केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा, एवढ्या कथेवर भिशीमंडळे आणि सोसायट्यांतले महिलांचे ग्रुप नऊवारी नेसून, नथी घालून थिएटरात जमले आणि लॉबीत फुगड्या घातल्या. येथे सल्ला ‘जा’ असा नव्हता, ‘आपण सगळ्या जाऊ’ असा होता. एका मताने दहा-पंधरा तिकिटे फाटत होती.

नागराज मंजुळे यांच्या दोन चित्रपटांची तुलना बोधक आहे. ‘फँड्री’च्या (२०१४) वेळी प्रसिद्धीसाठी केलेले अजय-अतुल यांचे गाणे लोकांच्या तोंडी होते, पण ते चित्रपटात नाही. प्रेमकथा म्हणून आलेल्यांपैकी काहींची पहिली तक्रार ‘गाणं कुठं गेलं?’ अशीच होती. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यातून अंगावर येतो. तो बसल्यावर दारात सल्ला काय द्यायचा, हा प्रश्न अनेकांना पडला असावा. २९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ लागला तेव्हा गाणी आत होती. ‘झिंगाट’ला माणसे खुर्च्यांमधून उठून पडद्यापुढे नाचली, काही गावांत मध्यरात्री आणि पहाटेही खेळ लावावे लागले, आणि शंभर कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला मराठी चित्रपट ठरला. शेवटच्या प्रसंगात आवाज बंद होतो आणि नाचलेले थिएटरही गप्प होते. बाहेर पडताना कोणी कोणाला ‘कसाय’ म्हणून विचारत नव्हते. पण घरी गेल्यावर सांगितले ते एवढेच: ‘शेवट सांगणार नाही. बघ जाऊन.’ शेवट न सांगण्याचा हा अलिखित करार इतक्या मोठ्या प्रमाणावर पाळला गेल्याचे उदाहरण क्वचित सापडेल. (करार मोडणाऱ्यांचा आदिपुरुष म्हणजे टिप मिळाली नाही म्हणून रहस्यपटाचा खुनी अंधारात कानात सांगून जाणारा डोअरकीपर; हा विनोद मराठीत निदान दोन पिढ्या चालू आहे.)

दिवसांचे गणित

नवे चित्रपट शुक्रवारी लागतात. शुक्रवारी येतात ते कलाकारांचे चाहते आणि निर्मात्याचे नातेवाईक. त्यांनी सांगितलेले शनिवार-रविवारी कळते आणि खरा निकाल सोमवारी, कारण त्या दिवशी सुटी नाही आणि तरीही कोणी आले तर ते सांगण्यावरून आलेले. पुढच्या आठवड्याचे खेळ गुरुवारच्या आसपास ठरतात. म्हणजे लोकांनी पाहणे, सांगणे, दुसऱ्याने ठरवणे आणि रजा काढणे या सगळ्याला पाच-सहा दिवस. विजयानंदच्या काळात मताला पिकायला वेळ होता.

मराठी चित्रपटांचे दुखणे इथेच आहे. मोठा हिंदी चित्रपट समोर असला की मराठीला सकाळचा किंवा भरदुपारचा खेळ मिळतो. चांगले ऐकून आलेला नोकरदार बारा वाजताच्या खेळाला जाणार कसा? एप्रिल २०१५मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली आणि गदारोळानंतर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी पसरट झाली. बारा वाजता खेळ लावूनही नियम पाळल्यासारखे झाले. ‘चांगला होता म्हणे, पण जाईपर्यंत उतरला’ हे वाक्य मराठी घरांत जेवढ्या वेळा ऐकू येते तेवढे क्वचितच दुसरे कुठले.

त्याच महिन्यात चैतन्य ताम्हाणे यांचा सुवर्णकमळ मिळालेला ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला. पुरस्काराच्या बातमीने प्रेक्षक दारापर्यंत येतो; पुढचे काम पुन्हा तोंडालाच करावे लागते. खटल्याचा निकाल न दाखवता न्यायाधीशांच्या सुटीतल्या डुलकीवर संपणारा चित्रपट ‘कसाय?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर मिळूच देत नाही. अशा चित्रपटांवर बोलायला मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या (स्थापना १९६८) फिल्म सोसायट्या आहेत, पण तिथे खेळानंतर चर्चा होते, सल्ला दिला जात नाही.

बनावट मत

माउथ पब्लिसिटी विकत घेता येत नाही, असे म्हणतात. प्रयत्न मात्र सतत चालू असतात. पहिल्या खेळानंतर थिएटरच्या पायऱ्यांवर कॅमेरा घेऊन उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्याच्या तोंडापुढे माइक धरायचा, हा त्यातला रूढ प्रकार. कॅमेऱ्यापुढे मराठी माणूस मुळात नाही म्हणत नाही. ‘खूप छान, सगळ्यांनी सहकुटुंब बघावा’ असे सांगून तो रिक्षात बसतो आणि बायकोला म्हणतो, ‘काय बोअर होता.’ सरावलेला प्रेक्षक पायऱ्यांवरच्या मुलाखतीत शब्द ऐकत नाही, बोलणाऱ्याला दिग्दर्शकाचे नाव आडनावासकट कसे माहीत, ते बघतो.

अलीकडे ‘कसा आहे?’च्या आधी ‘ओटीटीवर कधी येणार?’ हा प्रश्न येऊ लागला आहे. त्यामुळे सल्ल्यातही नवी पायरी तयार झाली: थिएटरला जाण्यासारखा, घरी बघण्यासारखा आणि पोळ्या लाटता लाटता ऐकण्यासारखा. तिसऱ्या प्रकारातले चित्रपट लोक शेवटपर्यंत बघतात आणि त्यांच्याबद्दल कोणालाच काही सांगत नाहीत.